आमच्यावरचे पिक्चर आमच्यापर्यंत पोचू द्या

मराठी चित्रपटांचे निर्माते, वितरक आणि राज्य शासनाच्या चित्रपट अनुदान योजनेचं काम पाहणाऱ्या मान्यवरांना,

सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं. एक खोली, मोजकी कपाटं, रोजची वर्तमानपत्रं आणि लोकवर्गणीतून घेतलेला एक प्रोजेक्टर. घरची शेती कोरडवाहू, कापूस-तुरीची. सिनेमाच्या धंद्याशी माझा काही संबंध नाही. मला पिक्चर मनापासून आवडतात आणि गावातल्या लोकांनी चांगले पिक्चर एकत्र बसून बघावेत म्हणून मी धडपडते. त्या धडपडीत जे वाट्याला आलं ते खाजगी पत्रांतून कळवून पाहिलं. काही हललं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

निमित्त 'स्थळ' या चित्रपटाचं. जयंत दिगंबर सोमलकर यांनी तो आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात, तिथलीच माणसं घेऊन केला. २०२३ साली टोरंटोच्या महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि टॉकीजमध्ये तो लागला मार्च २०२५ मध्ये. आमच्या तालुक्याच्या गावी मात्र आलाच नाही. येणार कुठे? तिथली एकुलती एक टॉकीज पाडून लग्नाचं लॉन झालेलं आहे. मी भाचीला घेऊन शहरात जाऊन बघितला. दुपारचा एकच शो होता. बचत गटातल्या बायांनाही यायचं होतं, पण तेव्हा हरभऱ्याची सोंगणी सुरू होती. त्यांचे हात मोकळे झाले तोवर पिक्चर उतरला होता.

त्यात सविता नावाची मुलगी आहे. शिकते आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे, आणि बाप कापसाच्या भावाकडे डोळे लावून तिच्यासाठी स्थळं शोधतो आहे. पाहुणे येतात, पोहे खातात, नाव, शिक्षण, उंची, आवड विचारतात आणि जातात. मग दुसरे येतात. तेच पोहे, तेच प्रश्न. सुरुवातीला एक स्वप्न आहे, त्यात बाया पाहुण्या होऊन बसल्यात आणि पोराला समोर बसवून प्रश्न विचारतायत. तिथे माझी भाची मोठ्याने हसली. नंतर मात्र तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळून घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. परतीच्या एसटीत म्हणाली, "मावशी, हे प्रश्न तं मले पाठ हायेत. उत्तरं बी." ती लग्नाच्या वयाची आहे आणि तिच्या घरीही तेव्हा पाहुणे येणं सुरू होतं. तिच्या बापाने हा पिक्चर बघायला हवा होता. त्याला कुठे दाखवू, हे तुम्ही मला सांगा.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले कोणते मराठी चित्रपट पन्नास वर्षांनीही बघितले जातील, यावर मोठमोठी माणसं लिहितात, बोलतात. मी ते सगळं आवडीने वाचते. त्यात पुरस्कारांचा हिशेब असतो, गल्ल्याचा असतो, परदेशातल्या महोत्सवांचा असतो. ज्यांच्या आयुष्यावर ते पिक्चर आहेत त्या गावांनी ते पाहिले का, हा प्रश्न कुठेच येत नाही. माझं म्हणणं हे की पिक्चर टिकणार की नाही, हे खेड्यापाड्यातली माणसं तो पुन्हापुन्हा बघतात का यावर ठरतं. तुम्ही त्यांना पहिल्यांदाही बघू देत नाही.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते.

मागच्या हिवाळ्यात कापसाची वेचणी सरत आल्यावर समाजमंदिरात आम्ही 'संत तुकाराम' दाखवला. प्रभातचा, दामले आणि फत्तेलालांचा, १९३६ सालचा. तोच का? कारण भारतात चित्रपटाचे हक्क साठ वर्षांनी संपतात, आणि परवानगीसाठी कुणाच्या दारात जायचं नसेल तर आमच्यासारख्यांच्या हाती एवढे जुनेच पिक्चर लागतात. भिंतीला पांढरं सुती कापड बांधलं. मिळालेली प्रत धूसर होती, आवाज मध्येच खरखरायचा. तरी बाया जेवणखाण आटोपून, पोरं कडेवर घेऊन आल्या आणि शेवटपर्यंत बसल्या. 'आधी बीज एकले' सुरू झालं तेव्हा भजनी मंडळातल्या आज्या एका सुरात म्हणायला लागल्या. ते शांताराम आठवल्यांनी त्या चित्रपटासाठी लिहिलेलं गीत आहे. आमच्याकडे ते तुकोबांचा अभंग म्हणूनच गातात, आणि त्या आज्यांपैकी बहुतेकींनी पिक्चर आधी पाहिलेलाच नव्हता.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी, नळावर. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि बायकोला सोबत बोलावतात. ती जात नाही. तिला पोराबाळांच्या जेवणाचं बघायचं असतं. यावर नळावर दोन तट पडले. एक म्हणे, गेली असती तर सुटली असती. दुसरी म्हणे, "मंग लेकरायले कोन पाह्यलं असतं, तुकोबानं?" जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीच्या पिक्चरवरून विदर्भातल्या एका खेड्यात बाया तावातावाने भांडतात, तेव्हा तो पिक्चर जिवंत आहे असं मी समजते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचं कौतुक झालं होतं हे मलाही माहीत आहे आणि त्याचा अभिमानही वाटतो. पण नळावरच्या बायांना व्हेनिसशी काही देणंघेणं नव्हतं.

'अशी ही बनवाबनवी'चंही तसंच. १९८८ चा पिक्चर. नवरात्रात दुर्गादेवीच्या मंडपात व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणून रात्रभर पिक्चर लावायचे, तेव्हा हा हमखास असायचा. पुढे टीव्हीवर वारंवार लागला. आज आठवीतल्या पोरालाही त्यातला शब्दन् शब्द येतो. एका दिवाळीत चालून गेला असता आणि मग कुठे दिसलाच नसता, तर तो आज कुणाला आठवला असता?

आता अलीकडच्या पिक्चरबद्दल माझं मत सांगते. मी समीक्षक नाही, पण बघणारी आहे आणि लोकांना बघताना बघणारी आहे.

'फँड्री' टिकणार. नागराज मंजुळे यांचा हा पहिला चित्रपट २०१४ च्या फेब्रुवारीत लागला. डुकरं पकडायला निघालेलं त्यातल्या जब्या नावाच्या पोराचं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं आणि तेवढ्यात डुक्कर निसटतं. हा प्रसंग बघताना कुणी हसतं, कुणी हसता हसता थांबतं. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ बघणाऱ्याच्या अंगावर येतो. आमच्या गावात वेशीबाहेरचा मोहल्ला अजून आहे. तिथली पोरं आणि वरच्या आळीतली पोरं एका सतरंजीवर बसून हा पिक्चर बघतील तेव्हा काय होईल, कोण उठून जाईल, कोण बसून राहील, याचा मी खूप विचार केला आहे. त्यासाठीच तर असे पिक्चर काढता ना तुम्ही? हक्क मोकळे होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर २०७५ साल उजाडेल. तोवर आजचा पहिलीतला पोरगाही म्हातारा झालेला असेल.

'सैराट'ला मी वेगळ्या कारणासाठी यादीत धरते. २०१६ मध्ये तो इतका चालला की आमच्या तालुक्यातली पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बघायला गेली. त्यातल्या गाण्याशिवाय आजही आमच्याकडे वरात निघत नाही. पण लोकांच्या मनात रुतून बसली आहे ती शेवटची शांतता, आणि रक्तात भरलेली लहान पावलं. आमच्या भागात एखादी पोरगी दुसऱ्या जातीच्या पोरासोबत निघून गेली की आजही सैराटचं नाव निघतं. कुणी ते धमकी म्हणून काढतं, कुणी भीती म्हणून. दोन्ही अर्थांनी तो पिक्चर गावाच्या बोलण्यात उतरला आहे, आणि तो उतरला कारण तो गावापर्यंत पोचला. पोचवला की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण तुम्हाला काय देऊ?

'कोर्ट' पोचला नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट व्हेनिसला गाजला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, भारतातर्फे ऑस्करसाठीही तोच गेला. त्यातले शाहीर नारायण कांबळे म्हणजे आमच्या नागपूरचे वीरा साथीदार. आयुष्यभर चळवळीत राहिलेला माणूस. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. गाणं ऐकून एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप शाहिरावर येतो आणि तारखेमागून तारीख पडत राहते. ज्याने जमिनीच्या वादापायी तालुक्याच्या कोर्टात चपला झिजवल्या आहेत त्या शेतकऱ्याला हा पिक्चर समजावून सांगावा लागणार नाही. शहरातले लोक म्हणतात तो संथ आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात जे दिवस दिवस बसले आहेत त्यांना तो संथ वाटणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

'नाळ'मधलं पोरगं आमच्या बोलीत आईजवळ हट्ट करतं, म्हणून तो आमच्याकडे लाडका आहे. गोष्टही साधी आणि खोल आहे. 'झुंड' हिंदी, मराठीच्या यादीत बसत नाही, पण नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे सरांवरचा तो चित्रपट त्या पोरांच्या नागपुरी बोलण्यामुळे माझ्या लक्षात राहिला आहे, अमिताभ बच्चन असूनसुद्धा. 'न्यूटन'चंही तसंच. जंगलातल्या ७६ मतदारांच्या बूथची ती गोष्ट छत्तीसगडची, पण आमच्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी गडचिरोलीत निवडणुकीची ड्युटी केली आहे. त्यांच्यासमोर तो लावून बघा. शिवकाळावरचे जे चित्रपट गेल्या काही वर्षांत ओळीने आले त्यांबद्दल मला आदर आहे. लोक भक्तिभावाने गेले. पण ती श्रद्धा महाराजांवरची आहे. त्यातला एखादा पिक्चर वेगळा म्हणून आठवेल असं मला वाटत नाही. 'बाईपण भारी देवा'ला २०२३ मध्ये आमच्या बचत गटाच्या बाया काळीपिवळी ठरवून गेल्या होत्या आणि आल्यावर आठवडाभर तेच बोलत होत्या. खेड्यातली बाई पिक्चर बघायला पैसे खर्च करत नाही असं जे म्हणतात त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणि 'गाभ्रीचा पाऊस'. सतीश मनवर यांचा, २००९ चा. माझ्या मते विदर्भावर झालेला हा सगळ्यात खरा पिक्चर. किस्नाच्या शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला आहे, आणि आता आपला नवराही तसंच काही करेल या भीतीने किस्नाची बायको अलका पोराला त्याच्या मागेमागे पाठवते. तो वावरात गेला की पोरगं मागे, विहिरीवर गेला की पोरगं मागे. तो खूश राहावा म्हणून घरात पुरणपोळी होते. तो पाऊस येईल म्हणून पेरतो, पाऊस दगा देतो, तो पुन्हा पेरतो. माझ्या ओळखीत अशा बाया आहेत ज्यांनी फवारणीच्या औषधाचा डबा रात्री उशाशी ठेवून झोप काढली, नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. त्यांनी हा पिक्चर पाहिलेला नाही. रॉटरडॅमच्या महोत्सवात तो दाखवला गेला. यवतमाळच्या खेड्यात भेटेल त्याला विचारून पाहा, नाव ऐकलेला माणूस मिळणं मुश्कील. जवळजवळ सात हजार किलोमीटर दूरच्या लोकांना आमचं दुःख समजलं आणि आमच्यातल्या आमच्यात ते बोलायला एक निमित्त मिळालं असतं ते मिळालं नाही. मला याचा राग येतो, आणि हे पत्र लिहिण्यामागे तो राग आहे हे मी लपवत नाही.

आता तक्रारी.

तुम्ही म्हणता ग्रामीण भागात प्रेक्षक नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या, नाटक कंपन्या गावोगाव जातात. कडाक्याच्या थंडीत लोक तिकीट काढून मंडपात बसतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत. त्या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या माणसांना पिक्चर नको आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्यांच्यापर्यंत नाटक चालत जातं. पिक्चर मात्र त्यांनी शहरात येऊन बघावा, दुपारी बाराच्या शोला, मजुरी बुडवून.

मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना चांगली वेळ मिळावी म्हणून २०१५ मध्ये शासनाने निर्णय घेतला. चांगलंच केलं. पण आमच्याकडे मल्टिप्लेक्सच नाही. जिल्ह्याच्या गावी जे काही आहे तिथला रात्रीचा शो सुटेपर्यंत शेवटची एसटी निघून गेलेली असते. प्राइम टाइमसाठी भांडणाऱ्यांनी एसटीचं वेळापत्रकही एकदा डोळ्यांखालून घालावं.

सगळ्यात जास्त त्रास परवानगीचा आहे. एखाद्या वाचनालयाला किंवा शाळेला एखादा चित्रपट रीतसर पैसे भरून एका संध्याकाळी दाखवायचा असेल तर विचारायचं कुणाला? मी निर्मात्याच्या कंपनीला लिहिलं, त्यांनी वितरकाकडे पाठवलं. वितरकाने सांगितलं हक्क आता ओटीटीवाल्यांकडे आहेत. त्यांच्या हेल्पलाइनवर यंत्र बोलतं. एकदा एका कार्यालयातून फोन आला, त्यांनी जी रक्कम सांगितली ती आमच्या वाचनालयाच्या वर्षभराच्या अनुदानापेक्षा मोठी होती. मी नावं घेत नाही, कारण एकाचा दोष काढून उपयोग नाही. सगळीकडे हेच आहे. आणि तेवढ्यात गावातलं एखादं पोट्टं तोच पिक्चर मोबाइलवर चोरून उतरवतं आणि मला म्हणतं, "मॅडम, तुमी काहून एवढा ताप घेता? हा घ्या, लावा." मी लावत नाही. ज्यांनी घाम गाळून पिक्चर केला त्यांचे पैसे बुडवून मला तो दाखवायचा नाही. पण प्रामाणिकपणे दाखवायचा रस्ता तुम्ही ठेवलेला नाही.

ओटीटीवर आहे ना, बघा की, असं सांगितलं जातं. घरात एक मोबाइल, तो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात. आमच्याकडे रेंजसाठी अजून गच्चीवर जावं लागतं. शिवाय ओटीटीवर आज आहे ते उद्या असेल याचा भरवसा नाही, करार संपला की पिक्चर गायब. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एकट्याने कानात दोरी घालून पिक्चर बघितला की दुसऱ्या दिवशी नळावर भांडण होत नाही.

जपणुकीचीही मला काळजी आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकारापायी जमीन गमावून शहराकडे निघालेल्या शेतकऱ्याची गोष्ट, आणि तो शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. शेतकऱ्याच्या कर्जावरचा हा आपला एवढा जुना चित्रपट, आणि आज तो बघायला मिळत नाही, हरवला. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा', त्याचीही प्रत उरलेली नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघालं तोवर खूप काही नष्ट होऊन गेलं होतं. आता तर सगळं डिजिटल आहे. हार्ड डिस्क बंद पडते, किल्ली म्हणून दिलेल्या कोडची मुदत संपते, कंपनी बुडते, भागीदार कोर्टात जातात. आजच्या कमी पैशांत काढलेल्या चित्रपटांची मूळ प्रत कुणाच्या घरात, कुठल्या कपाटात आहे? वीस वर्षांनी 'स्थळ' मागितला तर मिळेल ना?

बोलीबद्दल एकच सांगते. मोठ्या चित्रपटांत वऱ्हाडी बोलणारा माणूस अजूनही बहुधा नोकर असतो नाहीतर हसवायला आणलेला असतो. 'स्थळ'मध्ये बाप आमच्या बोलीत काळजी करतो आणि कुणी हसत नाही. असं आणखी करा.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

ज्या मराठी चित्रपटाला राज्य शासनाचं अनुदान मिळतं, त्याने टॉकीजमधून उतरल्यावर एका वर्षाच्या आत निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तरी बिनटॉकीजच्या तालुक्यात खेळ करावा, अशी अट अनुदानात घाला. समाजमंदिर, शाळेचा हॉल, बाजार समितीचं शेड, काहीही चालेल. शेवटचा हप्ता हे खेळ झाल्यावर द्या. खेळ संध्याकाळी आठनंतर ठेवा, आणि पेरणी व वेचणीचे दिवस सोडून.

वाचनालयं, शाळा आणि ग्रामपंचायतींना नफ्याशिवाय दाखवायला परवानगी देणारी एकच खिडकी सुरू करा. चित्रपट महामंडळ किंवा सांस्कृतिक कार्य विभाग, कुणीही चालवा, पण दर ठरलेला असावा आणि परवडणारा असावा. आम्ही फुकट मागत नाही. वर्गणी काढायची आमची तयारी आहे. राज्यात अनुदानित सार्वजनिक वाचनालयं हजारोंनी आहेत. त्यांतल्या निम्म्यांनी वर्षातून दोन चित्रपट दाखवले तरी तुमच्या लहान निर्मात्यांच्या हाती चार पैसे पडतील, ज्यांचा पिक्चर एका आठवड्यात उतरतो त्यांच्या.

निर्मात्यांनो, ओटीटीशी करार करताना अशा गावातल्या खेळांचा हक्क स्वतःकडे राखून ठेवा. एका कलमाचं काम आहे. तुमचा वकील ते लिहू शकतो.

अनुदान घेतलेल्या प्रत्येक चित्रपटाची एक चांगली प्रत, मराठी उपशीर्षकांसह, सरकारी संग्रहात जमा झालीच पाहिजे. उपशीर्षकं मराठीतही हवीत, कारण आमच्या आज्यांना ऐकू कमी येतं आणि आमच्या पोरांना वाचायचा सराव हवा आहे. जुन्यांपैकी 'गाभ्रीचा पाऊस'सारखे चित्रपट आधी शोधून नीट करा.

सह्याद्री वाहिनी राज्य शासनाच्या हातात नाही हे मला ठाऊक आहे. तरी अनुदानित चित्रपट ठरावीक काळाने तिथे रविवारी संध्याकाळी दाखवले जावेत यासाठी शासनाने प्रसार भारतीशी बोलणी करावीत. दूरदर्शनची छत्री अजून आमच्या घरांवर आहे.

अनुदानासाठी चित्रपट बघून दर्जा ठरवणाऱ्या समितीत विदर्भ आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतून निदान दोन माणसं घ्या. ती कलावंत नसली तरी चालतील. शिक्षिका, आशा सेविका, शेतकरी, वाचनालय चालवणारी बाई, कुणीही. मला घ्या असं म्हणत नाही. माझ्याहून चांगले बघणारे आमच्या गावातच आहेत.

रामटेकजवळ चित्रनगरी उभारण्याच्या घोषणा झाल्या आहेत. तिथे शूटिंगसाठी इमारती बांधाल ते बांधा, सोबत एक फिरता पडदा आणि प्रोजेक्टर असलेली गाडीही घ्या. शेतीच्या प्रदर्शनांच्या गाड्या आमच्याकडे फिरतातच. यात्रेत, पोळ्यानंतर, नवरात्रात ही गाडी कुठल्या गावात जाणार याचं वेळापत्रक आधी लावा. चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला, मार्कंड्याच्या यात्रेला किती लोक जमतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्याकडून काय, तेही सांगते. समाजमंदिर आहे. प्रोजेक्टर आहे, आवाजाची पेटी गणेश मंडळाची मिळते. वीज गेली तर शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याचं जनरेटर आहे आणि त्याने डिझेलचे पैसे घेणार नाही असं कबूल केलं आहे. वर्गणीचा हिशेब लेखी देऊ. कापसाची शेवटची वेचणी फेब्रुवारीत संपते. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आम्हाला 'स्थळ' दाखवायचा आहे, माझ्या भाचीच्या बापाला पहिल्या रांगेत बसवून, आणि पुढच्या महिन्यात 'फँड्री'. या दोन चित्रपटांसाठी रीतसर अर्ज मी या पत्रासोबत संबंधितांना पुन्हा पाठवला आहे. होकार असेल तर दर कळवा, नकार असेल तर कारण कळवा. जानेवारी संपायच्या आत कळलं तर गावात दवंडी देता येईल.

आपली,
एका 'ड' वर्ग सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल
जिल्हा यवतमाळ